टरिटेलाची चार नावं आणि तुमचे सात रविवार

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, पणजोबांच्या बुडालेल्या बोटीवरचा आणि टरिटेला नावाच्या बोटीवरचा माझा लेख एकदाचा पूर्ण झाला. तुमच्या समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते चार लोकांनाही कळू दे.

पहिल्या रविवारी मी तुमच्या ओटीवर आले तेव्हा माझ्या वहीत सात पानं लिहून तयार होती. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पळवलेली 'टरिटेला' नावाची बोट मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरून गेली आणि त्यातल्याच एकावर माझ्या पणजोबांची 'मंगोलिया' बुडाली, असं मी त्यात ठासून लिहिलं होतं. तुम्ही सातही पानं वाचलीत, मध्ये एकदाही थांबला नाहीत. मग चष्मा काढून म्हणालात, "पोरी, सुरुंग कधी पेरले आणि बोट कधी पकडली, ते एका कागदावर खाली-वर लिही बघू."

लिहिलं. मुंबईचे सुरुंग फेब्रुवारी 1917 च्या तिसऱ्या आठवड्यातले. टरिटेला पकडली गेली 27 फेब्रुवारीला. म्हणजे जिला मी सात पानं शिव्याशाप दिले होते, ती बोट त्या रात्री अजून ब्रिटिश निशाणाखाली निमूट तेल वाहत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र पाटीवरचं पुसावं इतक्या सहज म्हणालात, "चूक सापडली ना, मग आता कामाला लागू." त्यानंतरचे सहा रविवार तुम्ही मला दिलेत. गुडघ्यांवर उपचार चालू असताना, दुपारची झोप सोडून.

आमच्या घरात ही गोष्ट चार पिढ्या चालत आलेली आहे. पणजोबा पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीच्या मंगोलियावर डेकवर खलाशी होते. 23 जून 1917 रोजी मुंबईजवळ बोट सुरुंगावर गेली. पणजोबा वाचले, गावी परत आले आणि पुन्हा कधी बोटीवर चढले नाहीत. त्यांची नल्ली, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, वाळवीने खाल्ली. मागे उरलं ते फक्त बाबांच्या तोंडचं एक वाक्य. जूनमध्ये दर्या गाजायला लागला की ते अजून म्हणतात, "आजोबांची बोट अशाच पाण्यात गेली." कोणी बुडवली, हे मात्र घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं. कोणी पाणबुडी म्हणायचं, कोणी म्हणायचं मालातच बॉम्ब होता.

ते सुरुंग 'वोल्फ' या जर्मन बोटीने पेरले होते, हे तुम्ही मला दाखवलंत. 30 नोव्हेंबर 1916 ला जर्मनीतल्या कील बंदरातून निघालेली, साध्या मालवाहू बोटीसारखी दिसणारी, आत तोफा लपवलेली आणि पोटात चारशेहून अधिक सुरुंग भरलेली ती बोट. कप्तान कार्ल नेर्गर. केप ऑफ गुड होप, मग कोलंबो, मग मुंबई असे सुरुंग टाकत ती आली. जवळजवळ 15 महिने एकाही बंदराला न लागता फिरली आणि फेब्रुवारी 1918 मध्ये शेकडो कैद्यांसह परत कीलला पोहोचली. माझ्या दृष्टीने गोष्ट इथेच संपत होती. आरोपी सापडला होता.

पण तुम्ही म्हणालात, "टरिटेलावर सात पानं आरोप केलेस ना? मग तिची हकीकत आता तूच लिही." काका, या एका वाक्याबद्दल मी तुमची सगळ्यांत जास्त ऋणी आहे.

दुसऱ्या रविवारी तुम्ही फळीवरच्या डबीतून एक शंख काढून माझ्या तळहातावर ठेवलात. बोटभर लांब, स्क्रूसारखे आटे असलेला, टोकाला सुईसारखा. आपल्या किनाऱ्यावर लहानपणी असे पुष्कळ वेचलेत मी, पण त्याला टरिटेला म्हणतात हे ठाऊक नव्हतं. अँग्लो-सॅक्सन पेट्रोलियम ही शेलच्या गटातली कंपनी आपल्या बोटींना शंखशिंपल्यांची नावं द्यायची. "हे तिचं तिसरं नाव," तुम्ही म्हणालात, "आता मागे चल."

मागे गेलं की ती जर्मनच निघते! ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची 'गुटेनफेल्स'. ऱ्हाइन नदीकाठच्या एका गढीचं हे नाव. हान्साच्या बहुतेक बोटींच्या नावाच्या शेवटी असा 'फेल्स', म्हणजे खडक, असायचा आणि या कंपनीचा मोठा धंदा हिंदुस्थानशीच होता. ऑगस्ट 1914 मध्ये युद्ध पेटलं तेव्हा गुटेनफेल्स सुएझ कालव्याच्या तोंडाशी, पोर्ट सैदला, ब्रिटिशांच्या हाती सापडली. शत्रूची व्यापारी बोट जप्त करायची तर त्यासाठी वेगळं न्यायालय असतं, तिथे बोटीवर रीतसर खटला चालतो, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तिचाही चालला. सुएझ कालवा सर्व राष्ट्रांना खुला असताना त्याच्या तोंडाशी जप्ती करता येते का, असे प्रश्न त्यात निघाले. बोट ब्रिटिशांकडेच राहिली. आधी 'पोलाव्हॉन', मग तेल वाहणारी 'टरिटेला'.

आता ज्या 'वोल्फ'ने तिला गाठलं, तीही मुळात हान्साचीच होती, 'वाख्टफेल्स'. एकाच मालकाच्या दोन बोटी, दोघींनाही दुसरं नाव आणि दुसरं काम मिळालेलं, हिंदी महासागरात समोरासमोर आल्या. हे तुम्ही सांगितलंत तेव्हा काकूंनी आणलेला चहा निवून गेला होता आणि आपल्या दोघांच्याही ते लक्षात नव्हतं.

नेर्गरने तिला बुडवली नाही. तिला तोफ बसवली, 25 सुरुंग दिले आणि आपल्या हाताखालचा अधिकारी इव्हान ब्रांडेस याला कप्तान करून तिच्यावर जर्मन आरमाराचं निशाण चढवलं. हे चौथं नाव, 'इल्टिस'. कामगिरी एडनची. एडन म्हणजे ब्रिटिशांचं नाक. तिथे अनोळखी बोट दिसली तर दहा दुर्बिणी रोखल्या जाणार. पण ही बोट ब्रिटिश व्यापारी बोटच वाटणार, कारण आठवड्यापूर्वीपर्यंत ती होतीच तशी. तिचा खरेपणा हाच तिचा वेष. नेर्गरची ही चाल हुशारीची होती, हे मी लेखात मान्य केलं आहे. लिहिताना हात जड झाला, पण केलं.

चौथ्या रविवारी मी विचारलं होतं, पाण्यात टाकलेला सुरुंग वाहून कसा जात नाही? तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मागीलदारी गेलात, बादली भरलीत, एक सुका नारळ घेतलात, त्याला सुतळी बांधलीत आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला काकूंचा वरवंटा. वरवंटा तळाशी गेला, नारळ वर यायला धडपडला आणि पाण्याखाली चार बोटांवर अडकून डोलत राहिला. वरून बघितलं तर बादलीत काहीच नाही. मग तुम्ही कागदाची छोटी होडी सोडलीत. ती सुखरूप पलीकडे गेली. "हलकी होडी वरून जाते," तुम्ही म्हणालात, "जिचं पोट खोल, तिलाच तो लागतो." मग काडेपेटीतल्या काड्या नारळाच्या शेंडीत खोचून तुम्ही सुरुंगाची शिंगं दाखवलीत. वर मऊ शिसं, आत काचेची नळी, नळीत आम्ल. बोट घासली की शिसं वाकतं, काच फुटते, आम्ल खाली उतरून बॅटरी जिवंत होते आणि ठिणगी पडते. त्यासाठी कोणी माणूस तिथे हजर असावा लागत नाही. पेरणारा तोवर हजारो मैल लांब गेलेला असतो.

त्या रात्री घरी येऊन मी बाबांना बादलीत तेच करून दाखवलं. ते बराच वेळ नारळाकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे आजोबा त्याच्याकडेच चालत गेले." एवढंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलं मी.

इल्टिसने एडनपाशी सुरुंग टाकले. 5 मार्च 1917 ला 'ओडिन' ही ब्रिटिश युद्धनौका तिच्या आडवी आली. ब्रांडेसने बोट शत्रूच्या हाती जाऊ दिली नाही, स्वतःच बुडवली. तो आणि त्याची माणसं कैद झाली. पकडल्यापासून बुडेपर्यंत मोजून सहा दिवस. आधीच्या तीन नावांनी तिने तेल आणि माल वाहिला, चौथ्या नावाचं आयुष्य आठवडाभराचंही नाही.

इथे मी पूर्णविराम दिला होता. तुम्ही पेन्सिलीने समासात लिहिलंत, "आगवाले कोण होते?" म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा घालणारे. काका, इंजिनरूममध्ये 30 वर्षं घालवलेल्या माणसालाच हा प्रश्न पडणार. टरिटेलाचे ब्रिटिश अधिकारी वोल्फवर कैदी म्हणून नेले, पण तिचे चिनी खलाशी बोटीवरच ठेवले गेले. हुकूम जर्मन माणसांचे, राबणं यांचं. काल तेल वाहणारी बोट चालवत होते, आज तीच बोट सुरुंग घेऊन चालवायची. दोन्हीपैकी एकही लढाई त्यांची नव्हती. इतिहासात त्यांना 'चिनी खलाशी' हे दोनच शब्द मिळतात. माझ्या पणजोबांना 'लास्कर', म्हणजे गोऱ्यांच्या बोटीवरचा हिंदी खलाशी, हा एकच मिळतो. मी आधी त्यांच्यावरून सरळ पुढे गेले होते. ज्यांच्यासाठी लिहायला बसले, त्यांच्याच जातकुळीची माणसं मला दिसली नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं. आता त्या भागाला लेखात दोन पानं आहेत.

एका मुद्द्यावर आपलं जमलं नाही, तेही लिहिते. तुम्ही नेर्गरला चांगला दर्यावर्दी मानता आणि पकडलेल्या बोटींवरच्या लोकांना त्याने नीट वागवलं म्हणता. ते खरं आहे. पण मंगोलिया बुडाली ती तो मुंबईहून निघून गेल्यावर चार महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, आणि तिच्यावर तर बायका-मुलंही होती. ज्यांना त्याने डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याशी तो सभ्य वागला. ज्यांना कधी पाहणारच नव्हता त्यांच्यासाठी सुरुंग ठेवून गेला. त्याच्या चांगुलपणाचा हिशेब मला या दुसऱ्या माणसांपासून करावासा वाटतो. आणि ब्रिटिशांनाही मी सोडलेलं नाही. इल्टिसची माणसं हाती लागली तेव्हा सुरुंग घेऊन फिरणारी बोट या समुद्रात आहे हे मार्चमध्येच कळलं होतं, पण लोकांपासून ते दडवून ठेवलं गेलं. हे सगळं ऐकून तुम्ही म्हणालात, "तुझं मत आहे ना, मग तुझ्या नावाने ठामपणे लिही. माझ्यासाठी मऊ करू नकोस." वयाने इतकं मोठं माणूस असं म्हणतं तेव्हा लिहिणाऱ्याला किती बळ येतं, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

आणखी किती गोष्टी सांगू? हॅम्बुर्गच्या गोदीत काढलेल्या दोन वर्षांत शिकलेलं जर्मन तुम्ही माझ्यासाठी पुन्हा बाहेर काढलंत. एकेका ओळीला शब्दकोश उघडलात, पण अंदाजाने अर्थ दिला नाहीत. एका संस्थेने मला कागद दाखवायला तीन वेळा नकार दिला तेव्हा रडकुंडीला आले होते. तुम्ही स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहून दिलात आणि चौथ्या वेळी दार उघडलं. काकूंनी प्रत्येक रविवारी मला जेवायला घालूनच पाठवलं. त्यांच्या वरवंट्याला सुतळीचा डाग पडला आहे, त्याबद्दल त्यांची माफी मागते.

मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना थडगं नाही अशा दोन हजारांहून अधिक माणसांची नावं तिथे आहेत. पणजोबांचं नाव तिथे नसणार, ते वाचले. पण त्यांच्याबरोबर एका ताटात जेवलेली माणसं तिथे असतील. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा तिकडे जायचं काढलं आहे. 23 जूनला निघायचं ठरलंय. तुम्ही आणि काकू बरोबर असावेत अशी त्यांची फार इच्छा आहे. गाडी तुमच्या दारापर्यंत आणते, पायऱ्या उतरायला मी आहे.

तुमचा शंख अजून माझ्या टेबलावर आहे. तो येताना आणते.

आपली,
रविवारची विद्यार्थिनी