दोनाच्या डोक्यावरचे सदुसष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या संख्यांवरचा लेख आवडीने वाचला. त्यात ‘२६७ – १ ही २१ अंकी संख्या’ असे छापले आहे. सातवीतली नात शेजारी होती. म्हणाली, “आजोबा, हे तर २६६!” आणि पेपरच्या कडेला २ × ७ × १९ लिहून मोकळी झाली. लेखकाने २ चा ६७ वा घात लिहिला असणार. पान लावताना दोनाच्या डोक्यावरचे ६७ खाली उतरले. मी ३१ वर्षे छापखान्यात प्रुफे तपासली. तेव्हा घातांक आला की बारीक खिळा वर बसवून त्याच्याखाली शिशाचा तुकडा भरावा लागे. कंपोझिटर वैतागायचा, पण आकडा खाली यायचा नाही.

खरी संख्या १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. पॅरिसच्या मर्सेन नावाच्या पाद्र्याने १६४४ साली ती मूळ संख्यांच्या यादीत घातली. ती मूळ नाही. १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ हे तिचे दोन अवयव. ते अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या गणित परिषदेत मांडले. चकार शब्द न काढता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले, ही आख्यायिका तुमच्या लेखातही आहे.

पण ‘ही संख्या मूळ नाही हे कोल यांनी प्रथम दाखवले’ हे वाक्य चूक आहे. ते १८७६ सालीच फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी दाखवले होते, तेही एकही अवयव हाती नसताना. लेखातली खरी गंमत इथेच होती आणि तीच गळाली. त्या रीतीचे आजचे सोपे रूप असे: ४ घ्या, वर्ग करून २ वजा करा, आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. २ चा ५ वा घात उणे १ म्हणजे ३१. इथे घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीनदा करायचे. ४ चे १४, १४ चे १९४. १९४ ला ३१ ने भागून बाकी ८. ८ चे ६२, आणि ६२ ला ३१ ने पूर्ण भाग जातो. म्हणून ३१ मूळ. ६७ साठी हेच ६५ वेळा करावे लागते आणि शेवटी बाकी उरते. म्हणजे अवयव आहेत हे नक्की, पण कोणते ते कळत नाही. पुढची २७ वर्षे ते कोणालाच ठाऊक नव्हते.

कोल यांचा गुणाकार मी कॅलेंडरच्या मागे करून पाहिला. दिसतो तेवढा अवघड नाही. पहिल्या अवयवात सात तीनदा, एक दोनदा आणि एक शून्य, त्यामुळे खरे गुणाकार २, ३, ७ आणि ९ चेच. बाकीच्या ओळी नकलायच्या. दोन्ही अवयवांचा नवाचा ताळा (अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करत जायची) १, उत्तराचाही १. दोन्हींतून १ वजा केला तर १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने, नि:शेष भाग जातो, हेही ताडून घेतले.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. २ चा ६१ वा घात उणे १ ही संख्या मूळ आहे आणि मर्सेनच्या यादीत नेमके ६१ नाही. तिथे ६१ चे चुकून ६७ छापले गेले असावे, असा काहींचा तर्क आहे. खरे-खोटे मर्सेन जाणे, पण मला तो पटतो. अशा किती प्रुफांवर मी लाल शाई खर्च केली आहे!

दुरुस्ती जरूर छापावी. घातांक वर चढत नसेल तर ‘दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक’ असे अक्षरी लिहावे. आणि अवयव छापणार असाल तर १९,३७,०७,७२१ हे प्रूफ कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. त्यात तीन साते आहेत, एखादे गळायला वेळ लागत नाही.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, मिरज