डॉक्टर ताई, चांदणीसाठी तुमचे आभार

डॉक्टर ताई, समोर बोलायला गेलं की तुम्ही "अहो हे माझं कामच आहे" म्हणून विषय बदलता आणि पुढच्या गोठ्यावर निघून जाता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पाचगणी-वाई भागात ज्यांच्या दावणीला घोडं आहे त्यांनीही ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

चांदणी आमच्याकडे दत्तजयंतीच्या सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारातून आली. माझा धाकटा भाऊ टेबललँडवर पर्यटकांना घोड्यावरून फेऱ्या मारून आणतो, घर त्यावरच चालतं. आमची म्हातारी घोडी थकली म्हणून ही घेतली. घेताना लोक बघतात ते सगळं बघितलं होतं, रंग, चाल, अंगावरचे भोवरे, गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, आहे म्हणून तर चार जणांनी येऊन भावाचं अभिनंदन केलं. तपासणीसुद्धा पैसे देऊन रीतसर करून घेतली होती, काचेवर रक्ताचा थेंब बघून जंतू नाहीत, निगेटिव्ह, असं सांगितलं होतं, ग्लँडर्सचा निगेटिव्ह रिपोर्टही हातात होता. ग्लँडर्स माणसालाही होतो त्यामुळे तो रिपोर्ट हवाच, पण तो फक्त त्या एका आजाराबद्दल बोलतो, बाकी घोडं धडधाकट आहे असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. हा फरक आम्हाला तुम्ही समजावला.

तापीकाठावरून टेम्पोतून इतका लांबचा प्रवास करून आली, सुरुवातीला मलूल होती तर सगळे म्हणाले दमलीय, हवा बदललीय, थंडी आहे. मग चंदी अर्धवट खायला लागली, तोबऱ्यात ओल्या गवताचे चघळलेले बोळे सापडायचे, लगामाचं कडियाळं तोंडात घातलं की मान झटकायची. कधी तापायची, कधी एकदम ठीक. कोणी म्हणालं नाटकी आहे, कोणी म्हणालं परत विकून टाका. नाल मारायला येणारे काका तेवढे म्हणाले की घोडं नाटकं करत नसतं, ताईंना बोलवा.

तुम्ही आलात आणि पहिल्यांदा तिला हातच लावला नाही. पेंढी टाकायला सांगितलीत आणि ती कशी खाते ते उभं राहून बघत बसलात, मला तेव्हा कळेना हे काय चाललंय. मग पापणी खाली ओढून दाखवलीत, आतली बाजू पांढुरकी, हिरड्याही तशाच. पोटाखाली थोडी सूज होती, ती आम्हाला पोट सुटल्यासारखी वाटत होती, तुम्ही तिथे अंगठा दाबून धरलात आणि काढलात तर खड्डा तसाच राहिला. तो खड्डा मी अजून विसरले नाहीये.

सर्राचा, म्हणजे रक्तात जंतू होऊन येणाऱ्या आजाराचा, संशय तुम्ही तिथेच बोलून दाखवलात, पण घाईने इंजेक्शन मारून मोकळ्या झाला नाहीत. ताप चढेल तेव्हा फोन करा, कितीही वाजलेले असू देत, असं म्हणालात, कारण या आजाराचे जंतू रक्तात कमी-जास्त होत राहतात आणि ताप नसताना काढलेल्या रक्तात ते दिसतीलच असं नाही. आणि खरंच मध्यरात्री पारा 104 फॅरनहाइटवर गेला, फोन केला, तुम्ही त्या धुक्यात घाट चढून आलात. मानेच्या शिरेतून रक्त घेतलंत, ताजा थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवलात आणि मला म्हणालात बघा. लाल पेशींच्या गर्दीतून काहीतरी बारीक वळवळत, पेशींना धक्के देत चाललं होतं. इतके दिवस वाईट पायगुणाची घोडी, देवमण लाभला नाही, असलं जे काय ऐकत होतो ते सगळं त्या एका काचेपुढे संपलं.

औषध क्विनापायरामाइनचं, त्यातलं सल्फेट लगेच काम करतं आणि क्लोराइड हळूहळू विरघळून पुढे काही आठवडे संरक्षण देतं, हे तुम्ही भावाला त्याच्या भाषेत सांगितलंत. डोस एकाच जागी न टोचता वेगवेगळ्या जागी वाटून दिलात, म्हणजे सूज कमी येईल, आणि नंतर घाम फुटतो, अंग थरथरतं म्हणून उठून न जाता तिच्याजवळ थांबलात. शेजारचे घोडेवाले घाबरले होते, तर त्यांच्याकडे स्वतः जाऊन सांगितलंत की हा नुसता शेजारी उभं राहून होत नाही, चावणाऱ्या मोठ्या माशा एकाचं रक्त दुसऱ्यापर्यंत नेतात, म्हणून लीद लांब टाका आणि बाकीची जनावरंही तपासून घ्या. नाहीतर आम्हाला तिथे कोणी उभं केलं नसतं.

दातांचं तर मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आमची घाई होती की लगेहात तेही करून टाका, तुम्ही ठाम नाही म्हणालात, अंगात रक्त नाही, अशा जनावराला गुंगीचं औषध देणार नाही. ती सावरल्यावरच तोंड उघडलंत. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्यांच्या आतल्या कडा झिजत नाहीत, धारदार होतात. तिच्या दोन्ही गालांना आतून जखमा होत्या. लांब दांड्याच्या कानशीने तुम्ही त्या कडा घासल्यात, दर थोड्या वेळाने हात आत घालून चाचपत, तुमची बाही कोपरापर्यंत भिजलेली. तेव्हाच वरच्या कोपऱ्याच्या दातावरची खाच दाखवलीत, जी साधारण 10व्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते आणि 15च्या आसपास अर्ध्या दातापर्यंत उतरते. आम्हाला 6 वर्षांची म्हणून दिलेली घोडी पंधराच्या आसपासची निघाली. वय अगदी नेमकं नाही सांगता येत हेही तुम्ही लगेच म्हणालात.

आणि एक गोष्ट. आम्ही आधीच्या तपासणीवर इतके चिडलो होतो, पण तुम्ही त्या माणसाबद्दल एक वाकडा शब्द काढला नाहीत, काय सापडलं तेवढं तारखांसकट स्वच्छ लिहून दिलंत. त्या कागदामुळे विकणाऱ्याशी भांडण न करता बोलता आलं आणि थोडे पैसे परत मिळाले. माझं मत विचाराल तर भोवरे बघायला जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्मा वेळ जरी जनावराला खाताना बघायला दिला आणि तोंडात हात घालून बघणाऱ्या माणसाला सोबत नेलं तरी कितीतरी घरं वाचतील.

चांदणी आता तोबरा चाटूनपुसून रिकामा करते. वय बघून भाऊ तिला हलक्या फेऱ्या देतो, मोठ्या माणसांना बसवत नाही, लहान पोरंच. दात सहा महिन्यांनी परत बघायला सांगितलेत ते लक्षात आहे, त्या दिवशी जेवायलाच यायचं, आई म्हणाली की यावेळी "पुढे जायचंय" ऐकणार नाही, आणि पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नव्हते तेही तेव्हा घ्यावेच लागतील.

तुमची,
चांदणीच्या घरची ताई