चोवीस फुटी की बत्तीस फुटी? तांडेलकाकांना आभाराचं पत्र

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात बसून वेगाची बोट निवडायची म्हणजे माहितीपत्रकातल्या आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते. आमच्यापुढे दोन बोटी होत्या. एक २४ फुटी, मागे ३०० अश्वशक्तीचं एकच आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. दुसरी ३२ फुटी, तसलीच दोन इंजिनं. निर्णय तुम्ही आमच्यावर सोपवलात, पण काय मोजायचं, कशात बघायचं आणि आधी काय, नंतर काय, हे इतक्या मायेने समजावलंत की तुमचे आभार चारचौघांत मानावेसे वाटले. शिवाय घाटावरून किनाऱ्याकडे बोट न्यायचं मनात असलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र खुलं.

सगळ्यात आधी तुम्ही वजन मांडायला लावलंत. माहितीपत्रकात असतं ते कोरडं वजन. त्यात पेट्रोल, माणसं, नांगर, साखळी, बॅटऱ्या यांतलं काहीच धरलेलं नसतं. पाण्यात उतरताना २४ फुटी भरते साधारण १,९०० किलो आणि ३२ फुटी ४,२०० किलो. मग बोटीच्या वेगाचा अंदाज देणारं क्राउचचं सूत्र लावायचं. किलोचे पौंड करा, त्याला अश्वशक्तीने भागा, आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि १९० ला त्या वर्गमुळाने भागा. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मिळतं. १९० हा आकडा हलक्या, वेगवान बोटींचा, सहलीच्या साध्या बोटींना १५० धरतात. या हिशोबाने लहान बोट ५१ नॉट देते आणि मोठी ४८. म्हणजे ताकद दुप्पट, पेट्रोल दुप्पट, आणि सपाट पाण्यावर मोठी बोट तीन नॉट मागेच. ‘मोठी म्हणजे जास्त पळणार’ हा समज एका कागदावर निकालात निघाला.

मग ३२ फुटीचे जास्तीचे पैसे जातात कशात? याचं तुमचं उत्तर आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

दोन्ही बोटींचा तळ खोल ‘व्ही’ आकाराचा आहे, मागच्या टोकाला सुमारे २४ अंशांचा. नौकारचनाकार रे हंटने आखलेल्या असल्याच तळाच्या ‘मॉपी’ बोटीने १९६० ची मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि खुल्या पाण्यातल्या वेगवान बोटींना हा तळ रूढ झाला. कोन सारखाच असेल तर लाटेवरचा फरक उरतो तो लांबीचा आणि वजनाचा. मार्च ते मे या काळात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि अलिबागजवळच्या मांडव्यासमोर आखूड, चिडक्या लाटा उठतात. दोन लाटांमध्ये तीन सेकंदांचं अंतर असेल तर एका माथ्यापासून दुसऱ्यापर्यंत साधारण १४ मीटर भरतात, म्हणजे माथ्यापासून खळगीपर्यंत ७ मीटर. २४ फुटी बोट आहे ७.३ मीटरची. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, नेमकी खळगीत जाते आणि पुढच्या लाटेवर आपटते. ३२ फुटी आहे पावणेदहा मीटरची. नाळ खाली जायच्या आत तिला पुढच्या चढाचा आधार मिळतो, आणि वजन जास्त असल्याने ती उसळते कमी. त्याच लाटांवर समोरून ४० नॉटने गेलं तर सेकंदाला जवळजवळ दोन धक्के बसतात. हे धक्के आधी पाठीच्या मणक्यांत जातात, मग बॅटरीच्या पट्ट्यांत आणि वायरींच्या जोडांत. त्यामुळे अशा पाण्यात २४ फुटीने वीस-बावीस नॉटवर यायचं आणि ३२ फुटीने तिशीत राहायचं. लांबीचे पैसे दुपारच्या त्या वेगासाठी मोजायचे असतात. सकाळी लवकर निघून वारा धरायच्या आत परतणाऱ्याला तो खर्च करायची गरज नाही.

पुणेकरांसाठी दुसरा निर्णायक मुद्दा रस्त्याचा. मोटार वाहन नियमांत रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. २४ फुटीची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे २.५९ मीटर, जेमतेम बसते. ३२ फुटी तीन मीटरच्या आसपास जाते. तिला दर खेपेला विशेष परवानगी आणि लो-बेड ट्रेलर लागणार. थोडक्यात, ती मांडव्याकडेच ठेवावी लागते आणि पावसाळ्यात तिथेच वर काढून झाकावी लागते. लहान बोट ट्रेलरसकट सव्वादोन टनांच्या आत राहते. तरी ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि हुकावर एकूण वजनाच्या ७ ते १० टक्के भार यायला हवा. त्याहून कमी पडला की उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. ताम्हिणीची अरुंद वळणं सोडून बोरघाटाने खोपोली, पेण, वडखळ असं उतरायचं. मांडव्याला पोचल्यावर लगेच ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. घाटात तापलेला चाकाचा हब (मधला तुंबा) खाऱ्या पाण्यात एकदम गार झाला की आतली हवा आकसते, सील पाणी ओढून घेतं आणि पुढच्या खेपेला बेअरिंग जातं. हबला हात लावून बघा, गार लागला तरच मागे घ्या. एवढी साधी गोष्ट, पण ती सहसा कोणी सांगत नाही.

बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्याबद्दल तुम्ही दिलेला इशाराही घाटावरच्या माणसालाच लागू पडणारा. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद उंचीच्या दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्के घटते. मुळशीकडच्या उंचीवर ३०० अश्वशक्तीची उरते २८२ च्या आसपास. अशा ठिकाणी चाचणी घेऊन कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा निवडला की तोच पंखा मांडव्याला इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतो. (खडकवासला तर पुण्याच्या पिण्याचं पाणी. तिथे असली बोट उतरवायचा विचारही करू नये, हे तुमचं मत आम्हाला शंभर टक्के मान्य.) हिशोब असा: इंजिनाचे मिनिटाचे फेरे गुणिले इंचांतलं पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले १,०५६, आणि त्यातून घसरण, म्हणजे पंखा पाण्यात निसटून वाया जाणारा भाग, वजा. ६,००० फेरे, २१ इंच पिच आणि १.७५ गिअर धरला तर ताशी ६८ मैल येतात. १२ टक्के घसरण काढली की ६० मैल, म्हणजे ५२ नॉट. क्राउचच्या ५१ शी हे जुळतं, म्हणजे मांडणी बरोबर. पिच एक इंचाने बदललं की फेऱ्यांत दीडशे ते दोनशेचा फरक पडतो. घसरण १५ टक्क्यांच्या वर गेली तर पंख्याची पाती वाकली आहेत का, इंजिन फार वर टांगलंय का आणि तळाला काही चिकटलंय का, हे याच क्रमाने बघायचं.

पेट्रोलचं गणित सरळ आहे. पूर्ण थ्रॉटलला ३०० अश्वशक्तीचं इंजिन तासाला साधारण १०० लिटर पितं. जोडीला २०० लिटर. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हात न लावण्यासाठी. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं आणि बहुतेक आउटबोर्डना १० टक्क्यांपर्यंतचंच चालतं, म्हणून कोणतं इंधन चालेल हे इंजिनाच्या पुस्तिकेत बघूनच टाकी भरायची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन खेचतं ते तिथूनच. त्यामुळे दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच, आणि जूनच्या आत टाकी रिकामी. ३२ फुटीच्या मोठ्या टाकीत पावसाळाभर साठलेलं पेट्रोल हा नसता घोर आहे.

वापरलेली बोट तपासायची तुमची पद्धत थोडक्यात सांगतो. इंजिन वर उचलून त्याच्या खालच्या टोकाला जोर द्यायचा. ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगलेली मागची भिंत, जरा जरी हलली तर सौदा तिथेच थांबवायचा. प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकत जायचं, बद्द आवाज आला तर आत पाणी आहे. सगळ्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशन एकमेकांच्या १० टक्क्यांत हवं. गिअरचं तेल दुधाळ निघालं तर सील गेलंय. संगणकातून इंजिनाचे तास कुठल्या फेऱ्यांवर गेले त्याची प्रत मागायची. मालकाच्या बोलण्यापेक्षा ती जास्त बोलते. बोट गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत जाणार असेल तर अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) अॅल्युमिनियमचे लावायचे, आणि ते अर्धे झिजले की बदलायचे.

चालवण्याबद्दल तुम्ही दोनच गोष्टी ठासून सांगितल्यात. ३२ फुटीच्या तळाला पायऱ्या आहेत. त्यांतून हवा खाली शिरते, पाण्याचं घर्षण कमी होतं. पण नाळ खाली दाबून जोरात वळण घेतलं किंवा वळणात एकदम थ्रॉटल सोडला, तर तळ असमान पकड घेतो आणि बोट गरकन फिरते. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. २४ फुटी साठ मैलांच्या जवळ एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर डोलू लागली तर सुकाणूने तिच्याशी झगडायचं नाही, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, थोडा खाली घ्यायचा आणि नंतर स्टिअरिंगचा ढिलेपणा काढायचा. आणि किल-स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली असल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, पाणी कितीही शांत असलं तरी.

हे सगळं जुळवून आम्ही २४ फुटी घेतोय. घर पुण्यात, बोट ट्रेलरवर, निघणं सकाळचं. मांडव्याला कायमची जागा असती आणि दुपारी उशिरा परतायचं असतं, तर याच हिशोबाने उत्तर ३२ आलं असतं. ज्यांचं तसं आहे त्यांनी खुशाल मोठी घ्यावी.

एक विनंती. पंखा २१ चा ठेवायचा की २० चा, हे तुमच्या देखत ठरवायचं आहे. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, प्रवाह मंद असतो. त्या सकाळी नेहमीची माणसं आणि अर्धी टाकी घेऊन, एकदा जाताना आणि एकदा येताना वेग मोजू आणि सरासरी काढू. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी हातात आली की तुम्हाला फोन करतो.

तुमचे ऋणी,
पुण्याचे नौकाप्रेमी