साल्टर काटा कुठे टांगायचा?

चि. मयूरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या अंगणवाडीच्या प्रोजेक्टची शीट्स मिळाली. मोबाइलवर काही दिसेना, म्हणून मुलं घरी गेल्यावर ग्रामपंचायतीतून चार पानं छापून आणली आणि मदतनीस बाईंना घेऊन बसले. त्या म्हणाल्या, "एवढी झकपक अंगणवाडी असती तर मीच नाव घातलं असतं." मग आम्ही दोघींनी पेन्सिल हातात घेतली. रागावू नकोस.

पहिलं म्हणजे, साल्टर काटा कुठे टांगायचा? वजनाच्या कोपऱ्यात तू छान जिराफ काढलास, पण त्याच्या वर सगळं पीओपीचं सीलिंग. काटा 25 किलोपर्यंत वजन करणारा. त्याला झोळी अडकवून पोर बसवतो, आणि ते पोर गप्प बसत नाही, हातपाय झाडतं. पीओपीतला हूक पहिल्याच महिन्यात पोरासकट खाली येईल. स्लॅब भरतानाच कडी सोडावी लागते, नाहीतर बीमला अँकर बोल्ट. शिवाय काट्याची तबकडी माझ्या डोळ्यांच्या रेषेत हवी. मान वर करून वाचलं की 100 ग्रॅमची एक रेघ हमखास चुकते, आणि कधीकधी त्या एका रेघेवर मूल मॅममधून (मध्यम कुपोषण) सॅममध्ये (तीव्र कुपोषण) जातं. तुझ्या सेक्शनमध्ये (उभ्या छेदाच्या चित्रात) ही कडी दिसली पाहिजे. प्रोजेक्ट तपासणाऱ्या जुरीतल्या कुणी विचारलं तर सांग, आईने वीस वर्षं हेच केलंय.

खुर्च्या तू 14 इंचाच्या घेतल्यास, बाजूला 'स्टँडर्ड' असं लिहून. कुणाचं स्टँडर्ड गं? माझ्या वहीत 24 मुलं आहेत. सगळ्यांत बुटकं 88 सेंमी, सगळ्यांत उंच 111. काल सहा जणांना बाकावर बसवून टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत टेप लावली, तर साडेआठ ते साडेदहा इंच भरलं. तुझ्या खुर्चीवर त्यांचे पाय लोंबकळणार. मग पोर पुढे सरकतं आणि हनुवटीवर आपटतं. खरं सांगू, खुर्च्या निम्म्या केल्यास तरी चालेल. गरम आहार सगळी पंगतीतच खातात. थंडीत शहाबादी फरशी बर्फासारखी लागते, तेव्हा सतरंज्यांना जागा दे. ताटांनाही.

कपाटं उघडी ठेवलीस. फोटोत बरी दिसतात, पण टीएचआरची (घरी न्यायच्या आहाराची) पाकिटं आली की उंदरांना आमंत्रणच. दारं लाव, आणि खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर घे म्हणजे खालून झाडू फिरेल.

संडासाची कडी. हे लिहिताना आजही पोटात गोळा येतो. गेल्या पावसाळ्यात चार वर्षांच्या पोरीने आतून कडी लावली आणि तिला ती काढता येईना. आत ती रडतेय, बाहेर आम्ही. शेवटी गवंड्याने दार उचकटलं. लहानांच्या संडासाला आतून कडी नकोच. अर्धं दार कर, म्हणजे आमचं डोकं वरून आत डोकावेल.

नर्सबाई येतात त्या दिवशी गरोदर बायका तपासायला पडदा लागतो. तुझ्या 600 चौरस फुटांत तेवढा कोपरा सहज निघेल (आपली खोली त्याच्या निम्मीसुद्धा नाही, तरी आम्ही साडी बांधून भागवतो).

आता आवडलेलं सांगते. खिडकीचा कट्टा तू सव्वा फुटावर आणलास. आमच्याकडे खिडकी साडेतीन फुटांवर आहे, पोरांना बाहेरचं फक्त आभाळ दिसतं. कुणी काहीही म्हणो, तो कट्टा बदलू नकोस. गज मात्र जवळजवळ घे, डोकं अडकता कामा नये.

तुझ्या कॉलेजच्या बाईंनी प्लॅनवर लाल पेन मारलं म्हणून तू फोनवर रडलीस. मीही चार पानं खरडलीत, म्हणजे आता दोन लाल पेनं झाली. जुरीला 18 दिवस आहेत. रेंडरची रंगीत चित्रं कमी कर, सेक्शन नीट कर. मॉडेलच्या सनबोर्डसाठी बाबांनी दोन हजार पाठवलेत. रात्री दोननंतर कटर हातात घेऊ नकोस, मागच्या वेळचं बोट आठव.

गुरुवारी वजनाचा दिवस आहे. बुधवारच्या एसटीने ये, दिवसभर बसून बघ. येताना तुझी टेप आण, माझ्या टेपवरचे आकडे 50 सेंमीच्या पुढे पुसले गेलेत.

तुझी,
आई