कापणाऱ्यांची मजुरी कुणाकडे अडकली आहे?

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक आणि कोल्हापुरातल्या एका चर्चचा सभासद. बायबलमध्ये याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात धनवानांना बजावलं आहे, की ज्यांनी तुमची शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी देवाच्या कानी गेली आहे.

याकोब थेट शेताच्या मालकाशी बोलतो. मध्ये मजूर पुरवणारा मुकादम नाही. आपल्याकडे तोडणीचा हिशेब विचारला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीच्या, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेच्या, वहीकडे. ती वही बीडहून आलेल्या बाईनं कधी पाहिलेलीच नसते. नवऱ्यानं तोडलेल्या उसाच्या मोळ्या ती बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. गेल्या हंगामात माझ्याच फडात दिवस भरत आलेली एक पोटुशी अशी चढत होती. थांब म्हटलं तर म्हणाली, "खाडा लागतो, मालक." खाडा म्हणजे काम बुडाल्याचा दंड. कोयत्यात, म्हणजे तोडणीच्या जोडीत, राबणारी दोघं, पण नाव आणि उचल नवऱ्याची.

मला कायद्याचा आधार आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाची ठरलेली रास्त किंमत, दिली नाही, तर कारखान्याला १५ टक्के व्याज द्यावं लागतं. त्यासाठी आम्ही रस्त्यावर उतरतो, आणि उतरलंच पाहिजे. तोच ऊस तोडणारीनं कुणाच्या दारात जायचं? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मोशेचा नियम आहे: मजूर भाऊबंद असो की परका, त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर आहे. वहाणांच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांवर बायबलमधला संदेष्टा, तकोवाचा मेंढपाळ आमोस कडाडला होता. उचलीपायी अख्खा हंगाम माणूस बांधून घेणं त्याहून वेगळं आहे, असं मला वाटत नाही. वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्यानंही गुन्हाच आहे.

येत्या गाळपाआधी एवढं करा. प्रत्येक बाईची स्वतंत्र नोंद, तिच्या खात्यात तिची मजुरी, दर पंधरवड्याला टनांची पावती तिच्या हातात. आणि खाडा बंद. गाळप परवान्यातच या अटी याव्यात म्हणून सहकार खात्याशी बोला.

तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्याच बिलातून कापला जातो. तो पैसा तिच्यापर्यंत पोचला का, हे विचारायचा मला हक्क आहे आणि ती माझी जबाबदारीही आहे. कारखान्यानं त्याचं लेखी उत्तर देणं बंधनकारक करा.

आपला,
एक ऊस उत्पादक, करवीर, जि. कोल्हापूर