बाबा, बोनसचं विचारलंत म्हणून

स्टुटगार्ट, जर्मनी, 24 ऑगस्ट

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, डाळ-तांदूळ इथे मिळतात, थंडी अजून लांब आहे, तेव्हा तो विषय बंद.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "दिवाळीला बोनस नाही, ओव्हरटाइम नाही, मग तिथली माणसं कामाला कशी जुंपतात?" फोनवर नीट सांगता आलं नाही. इथली एक पद्धत ऐका. आमच्या टीममधले एक गृहस्थ सुट्टीला इटलीला गेले आणि तिथे चार दिवस तापाने पडले. परत आल्यावर त्यांनी डॉक्टरचा दाखला दिला आणि ते चार दिवस त्यांच्या रजेत परत जमा झाले! मला वाटलं, वरपर्यंत ओळख असेल. पण तसा 1963 चा कायदाच आहे. म्हणजे समजा, तुम्ही आठ दिवस गावी गेलात आणि तीन दिवस अंथरुणात गेले, तर ते तीन दिवस रजेत धरायचेच नाहीत, आजारपणात धरायचे, पगारासकट. रजा विश्रांतीसाठी असते आणि ताप म्हणजे विश्रांती नव्हे. दाखला मात्र हवाच. साहेबांनी "आता बरं वाटतंय ना?" एवढंच विचारलं. पुढच्याच आठवड्यात मशीन अडलं, तेव्हा हेच गृहस्थ कोणी न सांगता थांबले.

अंधेरीच्या ऑफिसात 102 ताप असताना लॅपटॉप माझ्या उशाशी होता. त्याच महिन्यात 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' म्हणून भिंतीवर माझा फोटो लागला. आई, तू तो अख्ख्या चाळीत दाखवलास, म्हणून तेव्हा बोलले नाही. राजीनामा त्याच आठवड्यात लिहून ठेवला होता. पगार वाढवून देत होते, तरी. आत्याला सांगा, परदेशाचं वेड नव्हतं ते.

इथे ट्रेनिंगमध्ये हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. त्याने पिट्सबर्गमधल्या सुमारे 200 इंजिनियर आणि अकाउंटंटना विचारलं, कामात कधी बरं वाटलं, कधी वाईट. त्यातून 1959 साली त्याने मांडलं की पगार, साहेब, नियम वाईट असले की माणूस कुरकुरतो, पण ते चांगले असले म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. जीव ओततो तो काम हातून नीट उतरलं, कोणी दखल घेतली, जबाबदारी दिली की. मला तुम्हीच आठवलात. दसऱ्याआधी रेल्वेचा 78 दिवसांचा बोनस यायचा, आईचा हिशेब आधीच तयार असायचा. पण नेरळला माथेरानच्या गाडीचं इंजिन दाखवून "हे आमच्या परळच्या वर्कशॉपमधून गेलंय" म्हणालात, तेव्हाचा तुमचा चेहरा बोनसच्या दिवशी कधीच नव्हता.

आता रागावू नका. गणपतीला येणं जमत नाही. नोकरीचे सहा महिने पुरे झाल्याशिवाय वर्षाची पूर्ण रजा हक्काने मागता येत नाही, आणि माझे ते नोव्हेंबरात होतील. दादाच्या साखरपुड्यालाही नसेन. मी 60 हजार पाठवले आहेत, हॉलचे आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे त्यातूनच द्या. बाबा, ऑपरेशन पुढे ढकलू नका. कल्याणच्या स्थळाशी व्हिडिओ कॉलवर बोलेन, नक्की बोलेन, पण पत्रिका आत्ताच देऊ नका.

आरतीच्या वेळी फोन लावून देव्हाऱ्यापाशी ठेवा. माझी मीटिंग असली तरी मी उचलेन.

तुमची,
मनू