साठ गोल खरेच आहेत, बाबा

लिव्हरपूल

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, आईला काळजी करू नको म्हणावं.

फोनवर तुम्ही इथल्या एव्हर्टन क्लबच्या फुटबॉलपटू डिक्सी डीनचे 1927-28 च्या एकाच हंगामातले साठ गोल मानायलाच तयार नव्हता. 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल झाला, पास मिळताना आपल्या आणि गोलच्या मध्ये समोरच्या संघाचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालू लागलं, म्हणून गोलांचा पाऊस पडला, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बाबा, नियम सगळ्यांनाच सैल झाला होता. आदल्या हंगामात मिडल्सबरोच्या कॅम्सेलने 59 मारले, तेही दुसऱ्या, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये. डीनने 60 मारले ते एव्हर्टनसाठी, पहिल्या डिव्हिजनमध्ये, 39 सामन्यांत.

आणि तो कसा उभा राहिला होता बघा. बर्कनहेडचा पोरगा, ट्रॅनमियर क्लबकडून तीन हजार पौंडांना एव्हर्टनकडे आलेला. 1926 च्या उन्हाळ्यात मोटरसायकलचा अपघात झाला, कवटी आणि जबडा फुटला. डॉक्टरांनी फुटबॉलची आशा सोडली होती. ऑक्टोबरात गडी परत मैदानात! त्या काळचा चामड्याचा, दोरी आवळलेला चेंडू पावसात भिजला की धोंड्यासारखा जड व्हायचा, आणि हा त्याच डोक्याने हेडर मारायचा.

5 मे 1928, हंगामातला शेवटचा सामना, समोर आर्सेनल. डीनचे 57 झालेले. सुरुवातीलाच दोन मारले, त्यातला एक पेनल्टीवर. मग तिसरा येता येईना. सामना संपत आला तेव्हा त्याच्या संघातल्या ट्रूपने कॉर्नर घेतला, डीन उसळला, हेडर, गोल. आर्सेनलने नंतर 3-3 अशी बरोबरी केली, पण तिकडे कोण बघतंय!

मला राग येतो तो पैशांचा. कितीही गोल मारा, तेव्हा पगाराची कमाल मर्यादा हंगामात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. क्लबने सोडल्याशिवाय दुसरीकडे जायची सोय नव्हती. डीनने एव्हर्टनला लीगचं विजेतेपद दोनदा मिळवून दिलं, 1933 चा एफए कप (इंग्लंडमधली बाद फेरीची मोठी स्पर्धा) कर्णधार म्हणून जिंकला, इंग्लंडकडून 16 सामन्यांत 18 गोल केले. आणि 1938 मध्ये त्याला नॉट्स काउंटी क्लबला विकून टाकलं. पुढे चेस्टरला पब चालवून त्याने संसार केला. हे मला पटत नाही.

शाहू स्टेडियमवरचे सामने सुरू झाले की पेपरातली कात्रणं पाठवा. आपल्या पेठेचा सेंटर फॉरवर्ड यंदा कोण, तेही कळवा.

आपला,
बाळू